बहिऱ्या जॅनेटची साक्ष

कोर्टात टंकलेखकाच्या खुर्चीत माझी एकोणतीस वर्षं गेली. आधी बालाघाटाच्या पायथ्याचं एक तालुक्याचं कोर्ट, मग जिल्ह्याचं. जजसाहेब सांगणार, मी टाइप करणार. पहिली काही वर्षं रेमिंग्टनवर, पुढं कॉम्प्युटरवर. त्यामुळं कोर्टाचे सिनेमे मी सहसा बघत नाही. वकील टेबलावर हात आपटतो आणि आरोपी ढसाढसा रडत गुन्हा कबूल करतो, असलं काही माझ्या देखत एकदाही घडलं नाही. पण दिवाळीत लातूरला पुतणीकडं गेलो होतो. पोरगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘काका, हा एवढा एक बघाच,’ म्हणाली आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

बिली वाइल्डरचा १९५७ सालचा कृष्णधवल सिनेमा, ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन’. अगाथा ख्रिस्तीबाईंची गोष्ट १९२५ साली एका साप्ताहिकात आली होती. १९५३ मध्ये बाईंनीच तिचं नाटक केलं आणि त्यावरून हा सिनेमा निघाला. सिनेमा संपताना पडद्यामागून एक आवाज विनंती करतो, की शेवट कुणाला सांगू नका. साठ-सत्तर वर्षं झाली त्याला. मी सांगणार आहे. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथंच थांबावं.

लेनर्ड व्होल हा गोडबोल्या, कफल्लक तरुण. मिसेस फ्रेंच नावाच्या एकट्या, पैसेवाल्या बाईशी त्याची ओळख होते. बाईचा खून होतो आणि तिच्या मृत्युपत्रात लेनर्डच्या नावावर ऐंशी हजार पौंड निघतात. हृदयविकारातून नुकतेच उठलेले नामांकित बॅरिस्टर सर विल्फ्रिड त्याचं वकीलपत्र घेतात. लेनर्डची जर्मन बायको क्रिस्टीन त्याच्या बाजूनं बोलेल असं सगळ्यांना वाटतं, पण ती सरकार पक्षाची साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभी राहते. तिचं पहिलं लग्न मोडलेलंच नव्हतं, म्हणून कायद्याच्या लेखी ती लेनर्डची बायको नव्हे, आणि म्हणून तिला त्याच्याविरुद्ध बोलता येतं. ती सांगते, त्या रात्री तो दहा वाजून दहा मिनिटांनी घरी आला, बाहीला रक्त होतं, मी तिला मारलं असं तो म्हणाला. पुढं एक अनोळखी बाई सर विल्फ्रिडना स्टेशनवर गाठून पत्रं विकते. क्रिस्टीननं म्हणे आपल्या यारला लिहिलेली, त्यात नवऱ्याला अडकवायचा बेत. पत्रं कोर्टात वाचली जातात, क्रिस्टीन खोटारडी ठरते, लेनर्ड सुटतो. मग रिकाम्या कोर्टात ती सर विल्फ्रिडना सांगते, की पत्रं विकणारी ती बाई मीच होते आणि यार वगैरे कुणी नव्हताच. नवऱ्यावर जीव टाकणाऱ्या बायकोनं त्याच्या बाजूनं साक्ष दिली असती तर कोर्टानं ती मोजलीच नसती. म्हणून तिनं विरुद्ध साक्ष दिली आणि मुद्दाम खोटी पडली. कारण खून त्यानंच केलाय हे तिला पक्कं माहीत होतं.

पुढं लेनर्ड दुसऱ्याच पोरीचा हात धरून निघतो आणि क्रिस्टीन तिथंच, पुराव्यातल्या सुरीनं, त्याला मारते. मूळ गोष्टीत हे नाही. तिथं तो सुटतो आणि गोष्ट संपते. नाटक करताना बाईंनी शेवट बदलला.

पुतणी खूष. ‘काय फितूर झाली ना बाई!’

मी म्हणालो, ‘अगं, पण खरं कोण बोललं ते मोज की.’

ती गप्प झाली. मग आम्ही दोघांनी बसून मोजलं. त्या अख्ख्या खटल्यात खुनाच्या रात्रीबद्दल खरं बोलणारे साक्षीदार दोन. एक क्रिस्टीन. तिचा हेतू काहीही असो, त्या रात्रीबद्दल पिंजऱ्यात तिनं सांगितलं ते खरं होतं. आणि दुसरी मिसेस फ्रेंचकडं काम करणारी म्हातारी जॅनेट मॅकेन्झी. तिनं बंद दाराआडून लेनर्डचा आवाज ऐकला होता. तो खरंच आत होता. पण सर विल्फ्रिड तिच्याशी बोलता बोलता आपला आवाज हळूच खाली आणतात, तिला ऐकू येत नाही, आणि कोर्टात हशा पिकतो. वर पुन्हा, आधीच्या मृत्युपत्रात सगळा पैसा जॅनेटला मिळणार होता, तो लेनर्डमुळं गेला, म्हणजे म्हातारीच्या मनात आकस. संपली साक्ष. आपणही हसतो. पुतणी हसली, मीही हसलो. खरं तर मला हसायचं कारण नव्हतं, कारण असल्या जॅनेट मी डझनांनी टाइप केल्यात.

त्यातली एक सांगतो. गाव-नाव नको. शेतमजूर बाई, साठीकडं झुकलेली, डोईवर पदर, नजर फरशीवर. विहिरीजवळ झालेली मारहाण तिनं बघितली होती, त्यात एक माणूस गेला होता. घटनेच्या वेळी तिचा नातू पाळण्यात होता. साक्षीच्या दिवशी तो शाळा बुडवून आजीसोबत आला होता, बाहेर व्हरांड्यात पेरू खात बसला होता. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, विहिरीपासून बांध किती पावलं? बाई म्हणाल्या, ‘म्या काय पावलं मोजाया गेल्ते का साहेब? पाण्याला गेल्ते.’

कोर्टात थोडं हसू झालं. साहेबांनी माझ्याकडं बघून सांगितलं, लिहा, ‘विहीर आणि बांध यांतील अंतर मी सांगू शकत नाही.’ मी लिहिलं. त्यानंतर ओळीनं, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हते. हे म्हणणे खरे नाही की, मी फिर्यादीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टात गेलात तर साक्षीच्या कागदाच्या शेवटी ही वाक्यं असतातच. निकालात वाक्य आलं, की सदर साक्षीदारास अंतरही सांगता येत नाही, सबब तिच्या उपस्थितीबद्दल शंका निर्माण होते. तेही मीच टाइप केलं. पाण्याला गेलेली बाई पावलं मोजत नसते, हे तिचं साधं, बिनतोड उत्तर कागदावर आलंच नव्हतं, मग वरच्या कोर्टाला ते दिसणार कुठून? १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं तेव्हा आम्हाला किती आनंद झाला होता. अपिलासाठी मुंबईची वारी सुटली. पण खंडपीठापुढं जातो तो कागद. आणि तो माझ्यासारख्यानं साहेबांच्या तोंडून उतरवलेला असतो.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडं खुनाच्या, ॲट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपी सुटले की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा ठरलेला असतो, ‘साक्षीदार फितूर’. मग चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत एकच सूर लागतो, की या फितुरांना आत टाका. शब्दच बघा ना कसला. फितूर म्हणजे किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा. तो शब्द आपण साक्षीला आलेल्या माणसाला लावतो. मला हा सूर मान्य नाही. कोर्टात राहून राहून माझं मन निबर झालंय असं कुणी म्हणेल. तसं असेलही. तरी कागद काय सांगतो ते बघावं.

साक्षीदार फितूर कधी ठरतो? पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबापेक्षा तो कोर्टात वेगळं बोलला की. सरकारी वकील मग आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची परवानगी मागतात. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम १५४ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात १५७ आहे. गंमत अशी, की कायद्यात ‘फितूर’ हा शब्दच नाही. परवानगी, एवढंच. आणि तो पोलिसांचा जबाब कसला असतो? त्यावर साक्षीदाराची सही नसते. सही घ्यायचीच नाही असं कायदा सांगतो. पोलिसांच्या कागदावर कायद्यानं इंग्रजांच्या काळापासून विश्वास ठेवलेला नाही, म्हणून तो पुरावाही होत नाही. म्हणजे ज्या कागदावर कायद्याचा भरवसा नाही, बऱ्याचदा साक्षीदारानं जो वाचलेलाही नसतो, त्याच कागदापासून तो किती सरकला यावर आपण त्याचा प्रामाणिकपणा मोजतो. मग माझ्या कीबोर्डवर ते पाठ झालेलं वाक्य यायचं, ‘जबाबातील अ ते अ हा भाग मला वाचून दाखविला. तो मजकूर बरोबर नाही. पोलिसांनी तसे का लिहिले याचे कारण मी सांगू शकत नाही.’ कधी हे वाक्य खोटं असायचं, कधी शंभर टक्के खरं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

फितूर ठरला म्हणजे साक्ष कचऱ्यात, हाही गैरसमज. सुप्रीम कोर्टानं १९७६ सालीच सांगितलंय, की अशा साक्षीतला जो भाग विश्वास ठेवण्याजोगा वाटेल तो घेता येतो. पण ते चाळत बसायला वेळ लागतो, आणि बोर्डावर त्या दिवशी साठ प्रकरणं असतात.

चेहऱ्यावरून ओळखू, असं म्हणणारेही असतात. कायद्यात तशी सोयसुद्धा आहे. साक्ष देताना साक्षीदाराचे हावभाव कसे होते याची नोंद न्यायाधीशांना करता येते. सिनेमात सर विल्फ्रिडची याबाबत एक खास युक्ती आहे. डोळ्यावरची एकेरी काच ते अशी धरतात की खिडकीतलं ऊन समोरच्याच्या डोळ्यावर पडावं. डोळा लवला की माणूस खोटा. लेनर्ड त्यात फर्स्टक्लास पास होतो. खुनी, आणि पापणी लवत नाही! क्रिस्टीन उठून सरळ पडदा ओढते. मला तो प्रसंग सिनेमातला सगळ्यात शहाणा वाटला. आमच्याकडं पिंजऱ्यात पहिल्यांदा उभी राहणारी माणसं थरथरतात, खाली बघतात, ‘हो साहेब, हो साहेब’ करतात, उलटसुलट दोन्ही प्रश्नांना हो म्हणतात. निर्ढावलेला मात्र वकिलांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. त्याला कोर्टाची सवय असते.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. आमच्या भागातली निम्मी गावं दसरा-दिवाळीला रिकामी होतात. गाडी भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. समन्स मात्र घराच्या पत्त्यावर येतं. घराला कुलूप. दोन-तीन पेशी चुकल्या की वॉरंट. मग पोलीस माणसाला फडातून उचलून आणतात, रात्रभर ठाण्यात बसवतात, आणि सकाळी तो सरकारचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहतो. सरकारसाठी आलेला माणूस, आला मात्र पोलिसांच्या जीपमधून! अशा एकाला मी टाइप केलं. कोयत्यानं झालेला मारहाणीचा प्रकार, आरोपी टोळीचा मुकादम. साक्षीदार म्हणाला, मला काही आठवत नाही. फितूर घोषित. दुपारी कोर्टाबाहेरच्या टपरीवर तो भेटला. मी उगाच बोलून गेलो, ‘एवढ्या लांबून आलात, खरं सांगायचं तरी.’ तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, ‘दोघा नवराबायकोच्या कोयत्यावर त्याची उचल हाय सत्तर हजार. तुमी भरता का?’ उचल म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. चहाचे पैसे त्यानंच दिले, तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

या माणसाला खोट्या साक्षीबद्दल आत टाकायचं का? कायद्यात तरतूद आहे, सात वर्षांपर्यंत. एकोणतीस वर्षांत ती वापरलेली मी बोटावर मोजण्याइतकीच पाहिली, आणि ज्यांच्यावर वापरली ती सगळी असलीच पायताण झिजलेली माणसं. साक्षीदाराला धमकावणाऱ्यालाही सात वर्षांचीच शिक्षा आहे. २००६ साली दंडविधानात ते कलम घातलं गेलं. ते मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. फुटलेला साक्षीदार पिंजऱ्यात सगळ्यांसमोर उभा असतो. फोडणारा मागच्या बाकावर मोबाइल बघत बसलेला असतो, आणि त्याचं नाव माझ्या कागदावर येत नाही.

मान्य, सगळेच बिचारे नसतात. पैसे घेऊन फिरलेले मी पाहिलेत. सही ओळखतात, पण कशावर केली ते आठवत नाही, असे पंचनाम्याचे पंच तर इतके, की काहींचे चेहरे वेगवेगळ्या खटल्यांत पुन्हा पुन्हा दिसायचे. त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण त्यांच्यासाठी बनवलेला सोटा पहिल्यांदा पडतो तो उचल घेतलेल्याच्याच पाठीत, हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो.

मराठवाड्याच्या वेशीवर खर्डा आहे. २०१४ साली तिथं सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, एकामागून एक साक्षीदार फिरले होते. तेव्हा राज्यभर त्या साक्षीदारांच्या नावानं बोटं मोडली गेली. आपल्यापैकी किती जणांनी त्याआधीच्या तीन वर्षांत त्यातल्या एकाची तरी चौकशी केली होती? मीही नव्हती केली.

संरक्षणाची व्यवस्था कागदावर आहे. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं देशभरासाठी योजना मंजूर केली. नव्या फौजदारी संहितेत प्रत्येक राज्यानं अशी योजना करावी असं कलमच आहे. योजनेप्रमाणं जिल्हा न्यायाधीश, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख आणि सरकारी अभियोग विभागाचे प्रमुख यांची समिती अर्जावर निर्णय घेते. आता हा अर्ज विहिरीवरच्या बाईंनी करायचा. धोका किती आहे याचा अहवाल पोलीस देणार. संरक्षण मिळालं तर एका वेळी जास्तीत जास्त तीन महिने. खटला चालतो पाच-सात वर्षं, आणि गावातली विहीर तीच, किराणा दुकान तेच, कामाला बोलावणारं शेतही त्याच घराचं. मुंबई-दिल्लीतल्या टोळीयुद्धाच्या साक्षीदाराला डोळ्यापुढं ठेवून योजना केली की असंच होणार. आमच्याकडच्या साक्षीदाराला बंदूकधारी शिपाई नकोय. हंगामात काम बंद झालं तर चूल कशी पेटणार, हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर देणारा रकाना त्या अर्जात नाही.

ज्या गोष्टींना फार पैसा लागत नाही त्यासुद्धा होत नाहीत. साक्षीदाराला बसायला वेगळी खोली द्या. आज तो व्हरांड्यात आरोपीच्या नातेवाइकांशेजारी त्याच बाकावर बसतो, आणि अकरा ते तीन या वेळात जे व्हायचं ते तिथंच होतं. ऊसतोडीच्या गावांतल्या साक्षी पावसाळ्यात ठेवा. गळीत हंगाम कधी सुरू होतो ते सरकारच ठरवतं, त्यात अवघड ते काय? साक्ष झाली की भत्ता त्याच दिवशी हातावर ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साक्षीदाराचे शब्द त्याच्याच तोंडचे राहू द्या. पोलिसांपुढचा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करायला कायद्याची परवानगी २००९ पासून आहे. गंभीर गुन्ह्यात, म्हणजे दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या, पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब मॅजिस्ट्रेटनं नोंदवायचाच असं नवी संहिता म्हणते. चांगलं आहे, पण थोडी धास्तीही वाटते. शपथेवरचे दोन वेगवेगळे जबाब समोर आले की उचलवाला आयताच सापडेल. म्हणून मी सारखा क्रम सांगतोय, आधी खोली, भत्ता, काम, आणि दम देणाऱ्यावर गुन्हा. शिक्षेचं नंतर बघू.

पुतणीचं म्हणणं पडलं, ‘काका, तुम्ही साक्षीदारांचीच बाजू घेता. आरोपी खरंच निर्दोष असला तर? उलटतपासणी कडकच हवी.’ बरोबर आहे तिचं. जॅनेट खोटं बोलत असती आणि लेनर्ड निर्दोष असता, तर सर विल्फ्रिडनी आवाज खाली आणला ते शंभरदा योग्यच ठरलं असतं. उलटतपासणी बोथट करा असं माझं म्हणणंच नाही. पण निजामाच्या काळापासून आमच्याकडची म्हातारी माणसं कोर्टात जाण्याला ‘गवाही द्यायला जाणं’ म्हणतात, आणि ते घाबरून म्हणतात, जसं काही स्वतःच आरोपी आहेत. वकिलांनी जरूर भाजून काढावं, पण साक्षीदार भाजला तर त्याच्या हातावर लावायला कोर्टात तूप असावं की नाही?

सिनेमाच्या शेवटी सर विल्फ्रिड डॉक्टरांचा सल्ला, ठरलेली विश्रांती, सगळं बाजूला ठेवून क्रिस्टीनचं वकीलपत्र घ्यायला निघतात. तिला देशातला सगळ्यात मोठा वकील मिळतो. जॅनेटचं पुढं काय झालं ते सिनेमात कुठंच येत नाही. मालकीण गेली, नोकरी गेली, भर कोर्टात हसं झालं. कानाच्या यंत्रासाठी तिनं सरकारकडं अर्ज केलेला असतो, तेवढं तिच्या साक्षीत येऊन जातं. यंत्र अजून यायचं असतं.